सी बिल्डिंगला वास का आला नाही

भरलेली इमारत सांभाळणं सोपं, रिकामी सांभाळणं अवघड. हे मी कुणालाही सांगितलं की समोरचा हसतो. आमच्या घरी तर म्हणतात, "कुलूप लावायचं आणि घरी यायचं, त्यात सांभाळायचं काय?" निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण घरात हे अजून कुणालाच पटलेलं नाही. म्हटलं, दिवाळी अंकाचा वाचक चकली खात निवांत बसलेला असतो, त्याला सांगून बघू.

मी जाधव. मूळचा साताऱ्याकडचा, आता कामोठ्याचा. वडील मार्केटात माथाडी होते. मुलाच्या पाठीवर पोतं येऊ नये, एवढीच त्यांची माझ्याबद्दलची महत्त्वाकांक्षा. मी आयटीआयला रेफ्रिजरेशन शिकलो आणि शिरवण्याच्या बाजूला एका बड्या कंपनीचा कॅम्पस नवा नवा उभा राहत होता, तिथे एसी प्लँटवर ऑपरेटर म्हणून चिकटलो. चिकटलो तो शेवटपर्यंत. निवृत्त होताना मी फॅसिलिटी इनचार्ज होतो. म्हणजे एसी, पंप, लिफ्ट, नळ, संडास यातलं जे बिघडेल ते माझं. जे नीट चालेल ते साहेबांचं.

आमची कंपनी वीजकेंद्रं उभारून द्यायची. तेव्हा देशभरातून इतकी कामं येत होती की वरच्या कुणाला तरी वाटलं, दहा वर्षांत इथे चार हजार माणसं बसतील. त्या चार हजारांच्या मापाने कॅम्पस बांधला. ए, बी, सी, डी अशा चार सहामजली इमारती, मधे तळं, तळ्यात बदकं, आणि एकाच वेळी हजार माणसं जेवतील असं कँटीन. लहान मुलाला वाढत्या अंगाचे कपडे घेतात ना, तसं. फक्त हे मूल वाढलंच नाही. भर जोरातसुद्धा माणसं निम्म्याच्या थोडी वर गेली असतील, आणि नंतर ती जी आटायला लागली ती थांबेचनात.

पण काय दिवस होते ते. सकाळी साडेआठला बसेस लागल्या की गेटापासून कँटीनपर्यंत नुसती वर्दळ. मी खाली प्लँटरूममध्ये, वर माझ्या फोनवर तक्रारी. कुणाला गरम होतंय, कुणाचे पाय गारठलेत, कुणाच्या डोक्यावर पाणी टपकतंय. एकाच हॉलमधल्या दोन माणसांना कधी एकच हवा मानवत नाही, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा.

बी बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर परचेसच्या एक मॅडम होत्या. बारा महिने स्वेटर. त्यांच्याशेजारी डिझाइनचे साहेब, बाह्या वर करून वारा घालत बसायचे. दिवसातून सहा फोन यांचे, सात त्यांचे. मी वैतागलो. एक दिवस मॅडमच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर एक छानसं बटण बसवून दिलं, आकडे असलेलं, फिरवता येणारं. म्हटलं, मॅडम, आता तुमची हवा तुमच्या हातात. त्या बटणाला मागे वायरच नव्हती. मॅडमनी ते दोन घरं फिरवलं, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "हां, आता बरं वाटतंय." पुढची सात वर्षं त्यांचा एकही फोन आला नाही. निरोपसमारंभात त्यांनी माइकवरून माझं नाव घेतलं. म्हणाल्या, या कंपनीत माझं ऐकून घेणारा एकच माणूस भेटला, जाधव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगू, आतून थोडं हसूही येत होतं. माणसाला न सांगता त्याचं भलं करता येतं, अशी एक घमेंड मला तेव्हाच लागली असावी. ती पुढे कशी भोवली ते सांगायलाच बसलोय.

आमचा वर्षातला मोठा दिवस म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी मशिन पुसून झेंडू घालायचा. इमारतीचा मोठा फ्रिज समजा, त्याला आम्ही चिलर म्हणतो. असे चार चिलर, एकेक ट्रकएवढा. त्यांच्यापुढे हाउसकीपिंगच्या बायका रांगोळी काढायच्या. त्यांची पुढारी हिरामावशी. शिरवणे गावातलीच, आगरी. माझ्याच वयाची, पण ऑफिसात साफसफाई करणारी बाई सगळ्यांचीच मावशी असते. ती मला भाऊ म्हणायची. तिची रांगोळी संपल्याशिवाय मी चिलर चालू करत नव्हतो, कारण पंख्याच्या वाऱ्याने रंग उडायचे. साहेबलोक नारळ फोडायला घड्याळ बघत उभे असायचे आणि ही आपली शांतपणे मोराला पिसं काढत बसलेली. "मोराला अर्धा ठेवू काय?" असं विचारलं की कुठला साहेब हो म्हणणार.

मग कामं यायची थांबली. का थांबली ते शिकलेल्यांना विचारा. मला एवढंच कळलं की आधी बदकं गेली, मग बसेस, मग माणसं. डी रिकामी झाली, तिच्या पाठोपाठ सी.

इथे माझ्या धंद्याची गंमत सांगतो. मोठा चिलर थोड्या माणसांसाठी चालत नाही. त्याला काम कमी पडलं की तो धापा टाकतो आणि बंद पडतो. शेवटी शेवटी ए बिल्डिंगमधल्या तीनेकशे लोकांना गार ठेवायला मी बीचे दोन रिकामे मजलेही गार करायचो, म्हणजे चिलरला पुरेसं काम मिळावं. रिकाम्या खुर्च्यांना एसी, आणि भिंतीवर आमच्याच कंपनीचा फलक, वीज वाचवा. मी त्या फलकाकडे न बघता जायला शिकलो होतो.

दुसरी गंमत पाण्याची. तुमच्या न्हाणीघरात जमिनीला जाळी असते. तिच्याखाली वाकडा पाइप असतो आणि त्या वाकणात कपभर पाणी साचून राहतं. तेवढं कपभर पाणीच गटाराची घाण हवा वर येऊ देत नाही. रोज वापर असला की ते आपोआप भरलेलं राहतं, म्हणून तुम्हाला त्याची खबरही नसते. पण इमारत बंद पडली की ते उडून जातं. तीन-चार आठवडे, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. मग खालची हवा वर येते, आणि एकदा आली की गालिच्यात, छतात, पडद्यात जाऊन बसते. सी बिल्डिंगच्या सहा मजल्यांवर मिळून अशा दीडेकशे जाळ्या होत्या. हिरामावशी आणि तिच्या सात जणी रोज पाळीने मजले घेऊन प्रत्येक जाळीत एक मग पाणी ओतायच्या, नळ सोडायच्या, फ्लश ओढायच्या. माणूस एक नाही, तरी सी बिल्डिंगचे संडास कॅम्पसमधले सगळ्यात स्वच्छ.

अशात मुख्य कचेरीतून कीर्तने मॅडम आल्या. खर्च कमी करायचा, एवढंच काम घेऊन आलेल्या. वाईट नव्हत्या. हातात वही घेऊन स्वतः फिरायच्या, आणि सी बिल्डिंगच्या दारात त्यांना या आठ जणी बादल्या घेऊन दिसल्या.

"जाधव, ही बिल्डिंग बंद आहे ना? मग या काय करतायत इथे?"

"पाणी घालतायत."

"कशाला?"

मी जाळी उचलून दाखवली, कपभर पाण्याची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ओके. तुम्ही म्हणताय पाणी नाही घातलं तर वास येणार. वरती मला असं सांगून चालत नाही, दाखवावं लागतं. महिनाभर सी कम्प्लीट बंद ठेवू. लाइट नाही, पंप नाही, माणूस नाही. वास आला तर या आठही जणी राहतील, मी स्वतः लिहून देते. नाही आला तर माझ्याकडे बोलायला काही उरत नाही."

मी तिथल्या तिथे हो म्हणालो. एप्रिल चालू होता. वास येणार म्हणजे येणारच, त्यात माझी पंचवीस वर्षं पणाला होती. आठ जणींची नोकरी पक्की झाली, असंच मी धरून चाललो. त्यातल्या चौघींचं घर एकटीच्या कमाईवर चालत होतं. सुगंधा म्हणून एक होती दिघ्याची, तिचा नवरा तर अंथरुणाला खिळलेला.

आता सांगायला लाज वाटते तो भाग. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. आठ बायका, कँटीनच्या मागे बसून चहा पिणाऱ्या. म्हटलं, आज यांना सांगावं की वास येऊ द्यायचाय, आणि उद्या ते ए बिल्डिंगच्या रिसेप्शनला माहीत व्हावं. मॅडमच्या कानावर गेलं तर त्यांना वाटणार, जाधवने बायकांशी मिळून बनाव केला. बायकांच्या पोटात काही राहत नाही, असं मला वाटलं. शब्द सजवून सांगत नाही, असंच वाटलं.

सगळ्यांना बोलावून मी फक्त म्हणालो, "महिनाभर सीकडे कुणी फिरकायचं नाही. तुम्हाला तेवढे दिवस ए बिल्डिंगला काम दिलंय. वरची ऑर्डर आहे."

हिरामावशीने विचारलं, "आनि पानी?"

"पाण्याचं मी बघतो."

"तुमी?" तिने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. मला जिना चढायचा म्हणजे शिक्षा, हे अख्ख्या कॅम्पसला ठाऊक होतं.

"मी बघतो म्हटलं ना." आणि मी तिथून निघालो.

तो महिना मी सीच्या सावलीलाही उभा राहिलो नाही. उद्या कुणी म्हणायला नको की जाधवने काही केलं. एसी प्लँटवर बसून मनातल्या मनात दिवस मोजत होतो. दहा दिवस झाले, आता वरच्या मजल्यावरचं उडालं असेल. वीस झाले, आता तिसऱ्याचंही. वासाची एवढ्या आतुरतेने वाट बघणारा माणूस जगात दुसरा नसेल.

महिना भरला. कीर्तने मॅडम आणि मी कुलूप उघडून आत गेलो. लिफ्ट बंद, म्हणून जिन्याने. पहिला मजला, काही नाही. मॅडम रुमाल हातात तयार ठेवून चालत होत्या. दुसरा, तिसरा, काही नाही. माझे गुडघे बोंबलत होते. सहाव्या मजल्यावर मी संडासात उभा राहून इतक्या जोराने श्वास ओढला की मॅडम वळून बघायला लागल्या. कोंदट होतं, धूळ होती. गटाराचा वास मात्र नावाला नाही.

मॅडम बाहेर कॉरिडॉरमध्ये गेल्यावर मी खाली बसून जाळी उचलली आणि आत बोट घातलं. पाणी होतं. गच्च भरलेलं, ताजं.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मॅडम दहा पावलांवर होत्या. पण डोक्यात एकदम सगळं आलं. कुणीतरी हुकूम मोडून आत शिरलंय हे उघड होतं आणि कोण ते सांगायची गरज नव्हती. आता बोललो तर मॅडम म्हणतील, बंद इमारतीत चोरून गेल्या, काढा यांना. किंवा म्हणतील, तुम्हीच पाठवल्यात. म्हटलं, आज गप्प बसू, दोन दिवसांनी शांतपणे समजावून सांगू.

त्या दिवशी संध्याकाळीच मॅडमनी वरती कळवून टाकलं. दोन दिवसांनी मी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "जाधव, आता नका सांगू. मी तुम्हाला पूर्ण चान्स दिला होता." मी काहीबाही बोललो. पुरावा कसला देणार? जाळ्या तर भरलेल्याच होत्या.

महिनाअखेरीला आठ जणींना निरोप दिला. हिरामावशी मला भेटायला प्लँटरूममध्ये आली आणि टेबलावर एक किल्ली ठेवली. सीच्या मागच्या, आगीच्या जिन्याच्या दाराची. ती तिच्याकडे कित्येक वर्षं होती, मी विसरूनही गेलो होतो.

"भाऊ, एक सांगते, रागावू नका. तुमी पान्याचं बघतो बोललात, पन एक दिवस गेला नाय वर. आमी बघत होतो. तुमचे गुडघे असे, पंप बी बंद. वास सुटला असता तर सगली तुमालाच बोलली असती. म्हनून आमी खालून बादल्या नेऊन टाकत होतो. डुटी सुटल्यावर."

सहा मजले. बादल्या घेऊन. माझी अब्रू जाऊ नये म्हणून.

मी तिला म्हणालो, "बरं केलंत मावशी." ती गेली आणि मी प्लँटरूमचं दार लावून बराच वेळ बसून राहिलो.

पुढे व्हायचं तेच झालं. पाऊस उघडता उघडता एक पार्टी सी बिल्डिंग भाड्याने घ्यायला बघायला आली. दार उघडल्या उघडल्या त्यांनी नाकं धरली आणि ते दुसऱ्या मजल्यावरूनच परत फिरले. कीर्तने मॅडम धावत माझ्याकडे आल्या. "जाधव, महिनाभरात येणार म्हणाला होतात तो वास आत्ता कसा आला?" तेव्हा मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी वर असतानाच बोलला असतात तर मी त्यांना ठेवलं असतं हो." मला वाटतं, खरंच ठेवलं असतं. पण आता नवं कॉन्ट्रॅक्ट काढायचा अधिकार त्यांच्याकडेही राहिला नव्हता, आणि चार महिन्यांत त्यांचंच टेबल रिकामं झालं.

हल्ली कॅम्पसचं काय होणार म्हणून जो भेटतो तो मला विचारतो, जसा काही मी संचालक आहे. कुणी म्हणतं, बीमध्ये सर्व्हर ठेवणार, माणसं नाहीत, नुसती कपाटं. तसं झालं तर माझे चिलर शेवटी पोटभर काम करतील. कुणी म्हणतं, सी आणि डी पाडून टॉवर उठणार. मी कधीमधी बसने तिकडून जातो तेव्हा ए बिल्डिंगच्या चारच खिडक्या उजळलेल्या दिसतात. मला अजून सगळे आवाज ऐकू येतात. बसेसचे, कँटीनच्या ताटांचे, माझ्या फोनचे. चांगली जागा होती हो. चुकलं असेल तर मापात चुकलं.

निवृत्तीनंतर दोन वर्षं माझी हिंमत होत नव्हती. या गणपतीत झाली. हिरामावशीच्या घरी गणपती असतो हे माहीत होतं. पेढे घेऊन शिरवण्याला गेलो. गल्लीतलं जुनं घर, वर भाडेकरू. ती आता नेरुळच्या एका सोसायटीत जिने झाडते. मला बघून खूश झाली, लेकाला चहा ठेवायला लावलं, एकेकीची खबर दिली. कुणी कुठे लागलं, कुणी गावी गेलं. सुगंधाला मात्र वर्षभर काम मिळालं नव्हतं आणि त्याच वर्षात नवरा गेला.

मग मी सांगितलं. मॅडमची अट सांगितली, वास यायला हवा होता ते सांगितलं, आणि मी गप्प का राहिलो तेही सांगितलं. बोलताना मी गणपतीकडे बघत होतो, तिच्याकडे नाही.

तिने पेढ्यांचा पुडा गणपतीपुढे ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे आमी पानी टाकलं नसतं तर र्‍हायलो असतो?"

"हो."

"आठ जनी बी?"

"आठही जणी."

"आनि तुमी बोलला नाय, कारन तुमाला वाटलं आमी कोनाला तरी सांगू."

मी मान हलवली.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. चहाचा कप माझ्यापुढे सरकवत तिने नुसतं विचारलं, "भाऊ, महिनाभर आमी आठ जनी पाली लावून मागच्या दारानं बादल्या चढवत होतो. एका तरी मानसाला कललं काय?"